हलवणे, जोडणे, नोंदवणे : थ्रीडी चलचित्राची महाराष्ट्रातील वाट

संगणकावर तयार केलेले त्रिमितीय मॉडेल हलते करून दुसऱ्या चित्रात बसवण्याच्या कामाला तीन अंगे आहेत. मॉडेल हलवायचे असते. हलवलेले मॉडेल खऱ्या चित्रणाशी, अक्षरांशी, पार्श्वभूमीशी जोडायचे असते. आणि ती हालचाल अशी नोंदवून ठेवायची असते, की यंत्राने ती हवी तेव्हा आणि हवी तितक्या वेळा जशीच्या तशी करून दाखवावी. मोशन ग्राफिक्स आणि कॉम्पोझिटिंगच्या, म्हणजे चित्रे हलवण्या-जोडण्याच्या, आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ही तिन्ही कामे एकाच टाइमलाइनवर, म्हणजे पडद्यावरच्या काळपट्टीवर, होतात, म्हणून ती जन्मलीही एकत्रच असावीत असा समज होतो. तो खरा नाही. शंभराहून अधिक वर्षे ती वेगवेगळ्या हातांत होती. महाराष्ट्रापुरते पाहिले तर हलवण्याचे काम बाहुलीवाल्यांकडे आणि नाशिकच्या फाळके यांच्याकडे होते, जोडण्याचे काम कोल्हापूर-पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे होते, आणि नोंदवण्याचे काम सिनेमाशी काडीचाही संबंध नसलेल्या सोलापूरच्या मागांवर चालले होते.

यांतले सर्वांत जुने अंग हलवण्याचे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही परंपरा टिकवल्या. त्या जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुलीचा हात खांद्याशी आणि कोपराशी सांधलेला असतो. खांद्याचा दोरा ओढला की कोपर आणि पंजा आपोआप मागे जातात, पंजाचा दोरा ओढला तर खांदा जागेवरच राहतो. थ्रीडी मॉडेलच्या आत बसवल्या जाणाऱ्या सांगाड्याचा, ज्याला या धंद्यात ‘रिग’ म्हणतात, नियम नेमका हाच आहे: वरचा सांधा हलला की खालचे त्याच्यामागून हलतात. संगणकाने हा नियम शोधला नाही, त्याने तो गणितात मांडला.

जोडण्याच्या कामाची महाराष्ट्रातील सुरुवात बहुधा कल्याणला शोधावी लागते. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. पुढे त्यांच्या मुलांनीही ते गावोगाव नेले. रामायण-महाभारतातले प्रसंग आणि सर्कशीतल्या कसरती पडद्यावर येत, सोबत निवेदन आणि संगीत असे. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या ठेवणीच्या काचा पाठोपाठ सरकवल्या की पात्र हालचाल करते असे वाटे. पात्र आणि मागचा देखावा स्वतंत्र ठेवून पडद्यावर एकत्र आणण्याची ही रीत आजच्या लेयरची, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चित्रथरांची, पूर्वज म्हणावी इतकी जवळची आहे. लूमिए बंधूंचे चलचित्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले 7 जुलै 1896 रोजी, म्हणजे कल्याणच्या खेळांनंतर चार वर्षांनी.

दादासाहेब फाळके यांच्याकडे ही दोन्ही अंगे काही काळ एकाच माणसाच्या हातात आली. धुंडिराज गोविंद फाळके (1870–1944) हे त्र्यंबकेश्वरचे. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकताना त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि नमुनेकाम हाताळले. पुढे त्यांनी पुरातत्त्व खात्यात नकाशे-आरेखने केली, ब्लॉक आणि रंगीत छपाईचा धंदा केला, शिवाय जादूचे प्रयोग शिकून ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावाने ते करूनही दाखवले. मॉडेल घडवणारा, त्याच्यावर प्रकाश टाकणारा, त्याचे छायाचित्र काढणारा आणि प्रेक्षकाची नजर नेमकी कुठे चुकवायची हे जाणणारा, असे चार कारागीर एका माणसात होते. आजच्या कॉम्पोझिटरकडून याहून निराळी अपेक्षा नसते.

1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी पहिला प्रयोग केला तो नटांवर नव्हे, मटारच्या दाण्यावर. कुंडीत पेरलेला दाणा रुजून त्याचा वेल होईपर्यंत ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहायचे, आणि मग सगळी चित्रे सलग दाखवायची. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत उरकली. हे चित्रण पाहून छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. भारतीय कथापटाचे भांडवल असे एका फ्रेम-फ्रेमने टिपलेल्या चित्रणाच्या जोरावर जमले. चित्रपटाच्या इतिहासात ही गोष्ट गमतीचा किस्सा म्हणून सांगितली जाते. वास्तविक तिला मुख्य घटनेचे स्थान द्यायला हवे.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. देव प्रकट होणे आणि अदृश्य होणे यांसाठी त्यात कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू करण्याची युक्ती होती. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी रूढ केलेलीच ही युक्ती. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर कच्ची फिल्म मिळणे अवघड झाले. त्याच काळात, 1915 साली, फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. आगपेटीतल्या काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा चित्र घ्यायचे. याच जातीचे ‘लक्ष्मीचा गालिचा’ आणि ‘विचित्र शिल्प’ हे त्यांचे आणखी दोन लघुपट. पहिल्यात नाणी हलत होती. यांत रेखाटलेले काहीच नव्हते. लांबी, रुंदी, जाडी असलेल्या, सावली पडणाऱ्या वस्तू होत्या, आणि त्या स्वतःहून हलताना दिसत होत्या. त्रिमितीय वस्तूला चलचित्रात जिवंत करण्याचे भारतातले हे पहिले ज्ञात उदाहरण. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी काड्यांचाच असा खेळ 1908 मध्ये केला होता, तेव्हा कल्पना जगात नवी नव्हती. पण ती वापरायला फाळके यांना ना वेगळे यंत्र लागले ना मदतीला माणसे. ‘आगकाड्यांची मौज’ची प्रत आज उपलब्ध नाही.

जोडकामात फाळके त्याहून पुढे गेले. ‘लंकादहन’ (1917) मध्ये मारुती आकाशातून जातो. ‘श्रीकृष्णजन्म’ (1918) मध्ये कंसाचे शिर धडापासून सुटून वर जाते. ‘कालियामर्दन’ (1919) मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि पाण्यातल्या नागाशी झुंजली. नाग अर्थातच बनवलेला होता. या चित्रपटाची सुरुवात पाहण्यासारखी आहे: मंदाकिनीचा साधा चेहरा आधी वेगवेगळे भाव दाखवतो आणि मग तोच चेहरा विरत विरत कृष्णरूप घेतो. दोन चित्रे एकमेकांत मिसळत जातात तेव्हा पहिल्याचा उजेड जितका कमी करायचा तितकाच दुसऱ्याचा वाढवायचा असतो. त्या काळी हे गणित कॅमेऱ्याची हातमूठ फिरवणाऱ्याने मनात आकडे मोजून साधायचे होते.

चित्रचौकटीचा एक भाग काळ्या कागदाने झाकून चित्रण करायचे, फिल्म कॅमेऱ्यातच उलटी गुंडाळायची, मग उघडा होता तो भाग झाकून आणि झाकलेला उघडून त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण करायचे, ही जोडकामाची मूळ रीत. कॅमेरा केसभर हलला तरी सांधा उघडा पडतो, आणि चूक कळते ती फिल्म धुतल्यावरच. म्हणून हे काम यंत्राच्या जाणकारांइतकेच चित्रकारांचे होते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे आले आणि त्यांनी कॅमेराही स्वतःच्या कारखान्यात बनवला. ‘सैरंध्री’ (1920) मधला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले, आणि 1929 साली कोल्हापुरात सुरू होऊन 1933 मध्ये पुण्याला गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीचे ते आधारस्तंभ ठरले.

प्रभातच्या संतपटांत जोडकामाने जी उंची गाठली ती तंत्रापेक्षा संयमाची होती. ‘संत तुकाराम’ (1936) मध्ये कीर्तनाला बसलेल्या शिवाजी महाराजांना पकडायला शत्रूचे शिपाई येतात, तेव्हा जिकडे पाहावे तिकडे त्यांना शिवाजी दिसू लागतात. शेवटी तुकोबांना वैकुंठाला नेणारे विमान येते. ‘संत ज्ञानेश्वर’ (1940) मध्ये वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना भेटायला भावंडे भिंतीवर बसून निघतात. चमत्कार क्षणभरच दिसतो आणि बाकीचा वेळ कॅमेरा माणसांच्या चेहऱ्यांवर राहतो. बनावट वस्तूकडे प्रेक्षकाला फार वेळ पाहू द्यायचे नाही, आणि खऱ्या माणसाच्या प्रतिक्रियेने तिला वजन द्यायचे, हा धडा आजही कॉम्पोझिटिंग शिकणाऱ्याला पहिल्याच महिन्यात घ्यावा लागतो. प्रभातवाल्यांना तो पूर्ण कळला होता. नंतरच्या पुष्कळ पौराणिक चित्रपटांना तो कळला नाही.

मुंबईत हेच काम बाबूभाई मिस्त्री यांनी धंद्याच्या पातळीवर नेले. ‘ख्वाब की दुनिया’ (1937) मध्ये अदृश्य माणसाच्या हातून वस्तू हलत आहेत असे दाखवण्यासाठी त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर काळा दोरा वापरला आणि ‘काला धागा’ हे टोपणनाव मिळवले. म्हणजे कळसूत्री बाहुलीचा दोरा स्टुडिओतही पोचला. त्याआधी चार वर्षे अमेरिकेत ‘किंग काँग’ (1933) निघाला होता. त्यात विलिस ओब्रायन यांनी सांधेजोड सांगाड्यावर घडवलेला वानर फ्रेम-फ्रेमने हलवला आणि तो नटांच्या चित्रणाशी जोडला. हलवणे आणि जोडणे यांचा इतका पक्का संसार जगात कुठेच आधी जमला नव्हता. भारतीय स्टुडिओंनी मात्र तो मार्ग धरला नाही. एका मिनिटाच्या चित्रणाला हजारावर वेळा बाहुली हलवायची, इतका वेळ आणि पैसा वर्षाला अनेक चित्रपट काढणाऱ्या धंद्याकडे नव्हता.

रेखाटलेल्या कार्टूनची शाखा वेगळी आणि इथे थोडक्यात सांगण्याजोगी. प्रभातने 1934 च्या सुमारास ‘जंबुकाका’ हे कार्टून काढले. फिल्म्स डिव्हिजनमध्ये 1956 साली कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि ‘द बनियन डियर’ (1957) तयार झाला. जी. के. गोखले, राम मोहन हे या विभागातले. राम मोहन यांच्यामुळे मुंबईत जाहिरातपटांचा आणि पुढे मालिकांचा धंदा उभा राहिला. पण सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर रंगवलेल्या चित्राला जाडी नसते. त्रिमितीय मॉडेलच्या इतिहासात या शाखेचे देणे हालचालीच्या जाणिवेपुरते आहे: उडीआधी अंग आवळते, थांबल्यावर पदर पुढे जाऊन मागे येतो.

तिसरे अंग नोंदवण्याचे. त्यासाठी सोलापूरला यावे लागते.

सोलापुरात 1877 साली ‘जुनी मिल’ सुरू झाली आणि त्यानंतर शहर गिरण्यांचे झाले. गिरण्यांच्या शेजारीच तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हातमाग होते, आणि पुढे यंत्रमाग आले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी यंत्रमागावरची सोलापुरी चादर आणि टॉवेल टिकले. महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन मिळालेल्या पहिल्या वस्तूंमध्ये ही चादर आहे. तिच्यावरचा ‘मयूरपंख’ किंवा फुलांची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. ती विणते जॅकार्ड.

जॅकार्डचे काम असे चालते. नक्षीकार आधी ग्राफ पेपरवर नक्षी काढतो. कागदावरचे एक घर म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांची एक भेट. घर रंगवलेले असेल तर उभा धागा वर उचलला जातो, कोरे असेल तर खालीच राहतो. मग ग्राफची एकेक ओळ वाचून पुठ्ठ्याच्या एकेका कार्डावर भोके पाडली जातात. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. कार्डे दोऱ्याने ओवून त्यांची माळ मागावर चढवतात. माग फिरतो तसे एकेक कार्ड सुयांसमोर येते, भोक सापडेल तिथली सुई आत जाते आणि तिच्या हुकाला बांधलेले धागे उचलले जातात. माळ संपली की पुन्हा पहिले कार्ड येते आणि नक्षी पुन्हा सुरू होते. नक्षी बदलायची तर माग खोलावा लागत नाही, माळ बदलली की झाले.

या रचनेत आजच्या टाइमलाइनची बहुतेक मूळ तत्त्वे हजर आहेत. चित्राचे घरांमध्ये तुकडे केलेले आहेत. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र सूचना आहे. सूचना आणि यंत्र वेगळे आहेत. आणि शेवट सुरुवातीला जोडून अखंड पुनरावृत्ती मिळते, जिला मोशन ग्राफिक्सवाले ‘लूप’ म्हणतात. पडद्यावरचे फिरते बोधचिन्ह आणि चादरीच्या काठावरची मोरांची रांग यांच्यामागचा हिशोब एकच आहे. फरक इतकाच, की मागावर काळ पुढे सरकतो तो कापडाच्या लांबीत.

हे साम्य वरवरचे नाही, त्याच्यामागे सरळ वंशावळ आहे. जोसेफ मारी जॅकार्ड यांनी फ्रान्समधील ल्योंमध्ये 1804 च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. 1839 साली त्यांचे चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे 24,000 कार्डे लागली, आणि त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेज यांनी जवळ ठेवली होती. बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्राला सूचना देण्यासाठी याच कार्डांची कल्पना उचलली. अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी माहिती नोंदवायला भोकांची कार्डे वापरली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावरचे संगणक तशाच कार्डांवर चालू लागले. 1963 साली बेल प्रयोगशाळेत एडवर्ड झॅजॅक यांनी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाचे चलचित्र संगणकाकडून काढून घेतले. उपग्रह म्हणजे रेषांची एक साधी पेटी होती, पण ती तिन्ही मितींत कलत, वळत, फिरत होती. त्रिमितीय मॉडेल संगणकाने हलवल्याच्या पहिल्या उदाहरणांत त्याची गणना होते. त्या संगणकाला सूचना दिल्या गेल्या त्या भोके पाडलेल्या कार्डांवरून. त्या वर्षी सोलापूरच्या मागांवरही कार्डांच्या माळा फिरत होत्या. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते.

नोंदवलेल्या हालचालीचे दुसरे देशी रूप गणेशोत्सवात दिसते. सोलापुरात आजोबा गणपतीचा सार्वजनिक उत्सव 1885 पासून सांगितला जातो. महाराष्ट्रभर मंडळांनी पुढे ‘हलते देखावे’ उभारले, त्यांत विजेची मोटर, पट्टा आणि एका बाजूला फुगीर असलेली चाके असतात. चाकाचा फुगवटा दांड्याला उचलतो आणि भीमाची गदा वर जाते. उतार आला की गदा खाली येते. चाकाचा आकार हीच गदेच्या हालचालीची नोंद. ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन कीफ्रेममधला, म्हणजे ठरवून दिलेल्या दोन स्थितींमधला, वेग ठरवणारी वक्ररेषा असते, ती धातूत कापली तर असेच चाक मिळेल. देखाव्यातली गदा झटक्याने न थांबता हळूहळू थांबावी म्हणून चाकाची कड घासत बसणारा मिस्त्री आणि माउसने ती रेषा वाकवणारा मुलगा एकच प्रश्न सोडवत असतात.

तिन्ही अंगे एका यंत्रात यायला 1970 ते 1990 ही वीस वर्षे लागली. युटा विद्यापीठात एड कॅटमल यांनी 1972 मध्ये स्वतःच्या हाताचे मॉडेल संगणकात हलवून दाखवले, ते ‘फ्यूचरवर्ल्ड’ (1976) या चित्रपटात वापरले गेले. तिथेच मार्टिन न्यूवेल यांनी 1975 मध्ये घडवलेली चहाची किटली आजही नव्या प्रकाशयोजनेची चाचणी घ्यायला वापरतात. जोडण्याच्या कामात खरी क्रांती त्यामानाने निःशब्द झाली. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा या तीन रंगांसोबत ‘हा बिंदू किती झाकतो’ हे सांगणारा चौथा आकडा द्यावा, ही कल्पना कॅटमल आणि अॅल्वी रे स्मिथ यांची. 1984 मध्ये टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी त्यावरचे पूर्ण गणित मांडले. फाळके-पेंटरांचा काळा कागद या एका आकड्यात सामावला. शिवाय कागदाला न जमणारी गोष्ट त्याला जमली: केसांच्या बटा, धूर, काच यांसारखे अर्धवट झाकणारे काठही आता जोडता येऊ लागले.

‘ज्युरासिक पार्क’ (1993) या चित्रपटाने जुने आणि नवे समोरासमोर आणले. डायनोसॉर आधी फिल टिपेट यांच्या बाहुल्यांनी, फ्रेम-फ्रेमने, हलवायचे ठरले होते. संगणकावरची चाचणी पाहून बेत बदलला. पण संगणकवाल्यांना प्राण्याचे वजन आणि चाल साधेना, म्हणून सांध्यांत संवेदक बसवलेला धातूचा सांगाडा बनवण्यात आला. बाहुलीवाले तो हाताने हलवत आणि संगणक ती हालचाल टिपून घेई. जुनी विद्या टाकून न देता तिच्यापुढे नवे यंत्र ठेवले, म्हणून ते डायनोसॉर आजही खरे वाटतात.

महाराष्ट्रात या काळात काम दोन टोकांना चालू होते. एकीकडे बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ (1988–90) ही मालिका गोरेगावच्या चित्रनगरीत तयार झाली आणि आकाशात एकमेकांना भिडणारे बाण तिने घरोघरी पोचवले. जोडकाम आता व्हिडिओवर होत होते. दुसरीकडे मराठी सिनेमा हाताने निभावत होता. महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’ (1990) मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांचा वीतभर गंगाराम बाटलीत राहतो आणि पूर्ण आकाराच्या लक्ष्मीकांतशी बोलतो. एकाच नटाचे दोन आकार एकाच चित्रात बसवण्याचे हे काम मराठीत लोकप्रिय झालेले बहुधा पहिलेच. ‘झपाटलेला’ (1993) मधला तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांचा बाहुला. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांच्या अर्धवटरावापासून चालत आलेली शब्दभ्रमाची घराणेदार विद्या त्याच्यामागे होती. संगणक हाताशी असता तर तात्या विंचू अधिक चपळ झाला असता, पण नटांना समोर खरी वस्तू मिळाली नसती. 2013 चा ‘झपाटलेला 2’ थ्रीडीत निघाला, म्हणजे चष्मा लावून पाहण्याच्या अर्थाने. मॉडेलचा थ्रीडी आणि चष्म्याचा थ्रीडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत जाहिराती आजही करतात.

मुंबईत 1990 नंतर संगणकावरचे स्टुडिओ वाढले. 1997 साली सुरू झालेली प्राइम फोकस 2014 मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी एकत्र आली. व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’ने (2005) लांबीच्या ॲनिमेशनपटाला भारतात प्रेक्षक आहे हे दाखवले, तरी तो द्विमितीय होता. टाटा एल्क्सीच्या स्टुडिओत तयार झालेला ‘रोडसाइड रोमिओ’ (2008) आणि पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सचा ‘दिल्ली सफारी’ (2012) हे पूर्ण त्रिमितीय.

छोट्या शहरांत ही विद्या पोचली ती मात्र स्टुडिओंतून नव्हे, घरच्या संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधून. आफ्टर इफेक्ट्स 1993 च्या जानेवारीत अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरातल्या ‘कोसा’ या छोट्या कंपनीने काढले. ती आधी अल्डसकडे आणि 1994 मध्ये ॲडोबीकडे गेली. सुरुवातीला त्यात केवळ सपाट लेयर होते. 2001 च्या पाचव्या आवृत्तीत लेयरना खोली मिळाली. कॅमेरा आणि दिवे आले. पण लेयर स्वतः पत्त्यासारखाच राहिला, बाजूने पाहिला तर दिसेनासा होणारा. खरे मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घडवून, हलवून, त्याची चित्रमाला रेंडर करून आणावी लागे, आणि एक चाक चुकीचे फिरले तर सगळी माला पुन्हा. 2012 मध्ये आलेल्या एलिमेंट थ्रीडी या जोडसॉफ्टवेअरने आणि 2013 पासून सोबत मिळू लागलेल्या सिनेमा फोरडीच्या छोट्या आवृत्तीने ही अडचण हलकी केली. 2023 च्या ऑक्टोबरात आलेल्या आफ्टर इफेक्ट्सच्या आवृत्तीत जीएलबी आणि ओबीजे या प्रकारच्या फाइलींतली मॉडेल थेट टाइमलाइनवर ठेवता येऊ लागले, आणि त्यानंतर जीएलबीच्या आत साठवलेली हालचालही वापरता येऊ लागली. मॉडेलभोवतीच्या प्रकाशाचे गोलाकार छायाचित्र दिले की मॉडेलवर त्या जागेचा उजेड पडतो. सावली झेलायला एक अदृश्य जमीन ठेवावी लागते, नाहीतर मॉडेल तरंगल्यासारखे दिसते. नवशिक्याचे काम ओळखू येते ते बहुधा या विसरलेल्या सावलीवरून. मोठे स्टुडिओ न्यूक वापरतात. ते डिजिटल डोमेन या स्टुडिओत 1993 च्या सुमारास स्टुडिओच्याच वापरासाठी बनले आणि 2007 पासून फाउंड्री या कंपनीकडे आहे. ज्याच्या खिशाला यांतले काही परवडत नाही त्याच्यासाठी ब्लेंडर आहे. 2002 साली तो मुक्त झाला आणि 2006 पासून मॉडेल घडवण्यापासून जोडण्यापर्यंतचे सगळे त्यात फुकट होते.

सोलापुरात नोंदवण्याचे जुने कामही आता संगणकावर आले आहे. नक्षी पडद्यावर काढली जाते, कार्डे यंत्र पाडते, आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला तर कार्डाचीही गरज उरत नाही. ग्राफ पेपरवरची घरे आणि पडद्यावरचे बिंदू यांत मग फरक राहत नाही. त्याच शहरात लग्नाच्या चित्रफितींची सोनेरी फिरती अक्षरे, गणेश मंडळांच्या मिरवणुकीतल्या एलईडी भिंतीवरचे देखावे, निवडणुकीचे प्रचारपट आणि बांधायच्या इमारतींची फिरून दाखवणारी चित्रे तयार होतात. मुंबईच्या स्टुडिओत मॉडेल घडवणारा, सांगाडा बसवणारा, हलवणारा, प्रकाश देणारा आणि जोडणारा अशी माणसे वेगळी असतात, त्यांची नावे श्रेयनामावलीत वेगवेगळ्या ओळींवर येतात. सोलापुरात हे सगळे बहुधा एकटा माणूस करतो, आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर ते ‘एडिटिंग’ या एकाच सदराखाली लिहिले जाते.